ॲडमिशन अण्णा

एप्रिल लागला की पलूसच्या शिवारात द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू होते आणि गावात शाळांचे फ्लेक्स लागतात. ‘प्रवेश सुरू’, ‘मोजक्याच जागा शिल्लक’, आणि खाली टाय लावलेलं एक गोरंपान पोरगं, जे आसपासच्या दहा गावांत कुणाचंच नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी त्याआधीच, ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत गल्लीगल्लीतनं फिरून गेलेले असतात. या दिवसांत अण्णांशी काम असेल तर बागेत जाऊ नये. तिथं छाटणीची टोळी तेवढी भेटते. अण्णा शाळा बघायला गेलेले असतात.

पलूस, कुंडल, भिलवडी, किर्लोस्करवाडी या टापूत असा एक अण्णा प्रत्येक गल्लीला आहे. सकाळी सातच्या सुमाराला रस्त्याकडेला उभं राहावं म्हणजे त्यांच्या कर्तबगारीची कल्पना येते. कुंडलची पोरं पलूसला येत असतात, पलूसची भिलवडीला निघालेली असतात, भिलवडीची आणखी पुढं कुठं तरी. पिवळ्या गाड्या एकमेकींना हॉर्न देत जातात. गावातली शाळा चांगली असूच शकत नाही, कारण ती गावात आहे, हा अण्णांचा पहिला सिद्धांत. दुसरा असा, की जिथं फी विचारल्यावर आपल्याला खुर्ची देतात ती शाळा बरी, आणि जिथं फी ऐकल्यावर खुर्ची लागते ती उत्तम.

अण्णांची शाळा तपासायची रीत एकदा बघण्यासारखी आहे. मागं एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्यांनी मलाही सोबत नेलं होतं. आधी त्यांनी बसच्या टायरांना लाथा मारल्या. मग मुलांच्या मुतारीत जाऊन सगळे नळ सोडून पाहिले. एका नळाला पाणी नव्हतं, ते कारखान्याच्या जुन्या डायरीत टिपलं. बाकावर स्वतः बसून तो करकरतो का पाहिलं. ऑफिसात गेल्यावर भिंतीवरच्या ‘सीबीएसई पॅटर्न’ या अक्षरांकडं बोट करून विचारलं, “मॅडम, ह्यो पॅटर्न म्हंजे सीबीएसई हाय का न्हाई?”

“पॅटर्न आहे,” मॅडम म्हणाल्या.

“म्हंजे सीबीएसईच की.”

“पॅटर्न आहे.”

अण्णांचं समाधान झालं. पॅटर्न म्हणजे सीबीएसईच्या वरची काही तरी पायरी असावी, असं ते परतीच्या वाटेवर मला सांगत होते. निघण्याआधी मॅडमनीही एक प्रश्न विचारला होता, “घरी मुलाचा अभ्यास कोण घेतं?” त्यावर अण्णांनी भाबडेपणानं उत्तर दिलं, “घरी कशाला? त्यासाठीच तर शाळा बघालोय न्हवं!”

या तपासणीपायी अण्णांच्या पोराच्या, पिंट्याच्या वाट्याला पाचवीच्या आत चार शाळा आल्या. पहिली स्केटिंग आहे म्हणून घेतली, पण त्यांचं मैदान मुरुमाचं निघालं. दुसरीत अबॅकस होतं, तिसरीत मोठा डिजिटल बोर्ड. चौथीचं कारण अण्णांना आता आठवत नाही, बहुतेक मेहुण्याचा मुलगा तिथं होता. घरात चार रंगांचे टाय आहेत. पिंट्याला चार शाळांच्या प्रार्थना येतात, पण कुठलीच शेवटपर्यंत येत नाही. मध्येच तो दुसरीवर घसरतो आणि इंग्रजीत सुरू झालेला देव मराठीत येऊन संपतो.

शिक्षणाचा हक्क कायदा 2009 चा. त्यातल्या, खाजगी शाळांमध्ये गरिबांच्या मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांवर अण्णांचा डोळा पहिल्यापासून आहे. उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ आली की बारमाही पाण्याची बागायत असलेले अण्णा इतके गरीब होतात, की तलाठ्यानंच वर्गणी काढावी. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेनं या जागा भरायची गरज नाही. अण्णा मोटरसायकल घेऊन बाहेर पडले आणि मीटरवर नजर ठेवून घरापासून, शाळेपासून, मारुतीच्या देवळापासून अशी सगळी अंतरं त्यांनी मोजली. कुठल्या वाटेनं गेलं म्हणजे किलोमीटर भरतो, हे त्यांना सापडलंही होतं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदलच रद्द केला. न्यायालयानं निदान पेट्रोलचा विचार करायला हवा होता, असं अण्णांचं अजून म्हणणं आहे.

पण त्यांचं खरं दुखणं नवोदय. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पलूसलाच आहे. सहावीला 80 मुलं घेतात आणि त्यासाठी सगळ्या जिल्ह्यातली पोरं परीक्षेला बसतात. “शाळा आमच्या पलूसात, मग जतच्या, शिराळ्याच्या पोरांबरोबर आमी परीक्षा का द्यायची? कारखान्यात सभासदाचा ऊस आधी तोडत्यात का न्हाई?” या प्रश्नाचं उत्तर त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मागितलं. कंडक्टरचं तेवढं त्यांना पटलं. तो म्हणाला, “बरोबर आहे.”

अण्णा इतिहासही जाणतात, म्हणजे कामापुरता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, हे कुणी अभिमानानं सांगितलं की ते थांबवतात. “पर शिकलं कुठं? मिरजेला. पलूसचं नाव लावणारा माणूस पलूसात शिकला न्हाई, मग पिंट्यानं का शिकायचं?” कर्मवीर भाऊराव पाटलांवर तर त्यांचा हक्कच आहे, कारण त्यांनाही लोक अण्णाच म्हणत. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत कर्मवीर या मुलखात हिंडले आणि 1919 मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, हे सांगताना अण्णांचा आवाज चढतो. आपणही त्याच तोडीची पायपीट करतोय, असं त्यांना मनापासून वाटतं. एकदा सोप्यात हे व्याख्यान चाललेलं असताना आतून वहिनींचा आवाज आला, “त्या अण्णांच्या बायकुनं वसतिगृहातल्या पोरांसाठी सवताहून मंगळसूत्र दिलं. माझं तुमी मला न इचारता सोसायटीत ठेवलंय. आधी ते सोडवून आणा.” व्याख्यान तिथंच संपलं.

आता एवढी मरमर करणारा माणूस प्रवेशाची पावती हातात पडली की जो गप्प होतो, तो पुढल्या एप्रिलपर्यंत. पालकसभेची चिठ्ठी आली की ऐन मोक्याला बागेत औषध मारायचं निघतं. प्रगतिपुस्तकावर वहिनी सही करतात. अण्णांना तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची फी, बसचं भाडं आणि डोनेशनचा आकडा तोंडपाठ असतो, पण पिंट्याला हातच्याची वजाबाकी येत नाही हे त्यांना बाहेरच्या माणसाकडून कळलं. ते सांगणारे होते जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. पिंट्या त्यांच्या शाळेत नव्हता, तरी त्यांनी हटकलं.

“अण्णा, बागेत दिवसातनं किती वेळा जाता?”

“दोनदा तरी जायालाच लागतंय. पान उलटं करून बगाय लागतंय, दावण्या आला का, भुरी आली का. एक दिस चुकला की घड गेलं.”

“आणि पोराची वही?”

अण्णांनी जरा विचार केला. “वहीला दावण्या येत न्हाई, गुरुजी.”

थोरल्या लेकीबद्दल मी अजून काही लिहिलं नाही, कारण अण्णांच्या डायरीतही ती नाही. पोरीसाठी शाळा बघायची असते हे या टापूतल्या पुष्कळ अण्णांच्या ध्यानात येत नाही. एकाच घरातला पोरगा टाय लावून गाडीत चढतो आणि पोरगी दप्तर पाठीला मारून गल्लीतल्या शाळेत चालत जाते. थोरली पहिलीपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत. खिचडी खाल्ली, सेमी इंग्रजीत गणित शिकली, पाचवीला गुरुजींनी सुट्टीतही बसवून जादा तास घेतले. संध्याकाळी वहिनी भाकरी थापत आणि ती चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचे. वहिनी स्वतः सातवी पास. त्यांना उत्तरं येत नसत, पण वाचता वाचता पोरगी अडखळली तर ते बरोबर कळायचं. “परत वाच” एवढंच त्या म्हणत.

थोरलीचं नाव नवोदयच्या यादीत लागलं.

अण्णांनी दोन किलो पेढे वाटले. मला दोन दिले आणि गंभीरपणे म्हणाले, “आमी बारा वर्षांमागं घर पलूसातच का बांधलं, ते आता कळलं का लोकास्नी?” नवोदय आता त्यांना अन्यायकारक वाटत नाही. बाहेरच्या पोरांनी तयारी करून यावं, असा त्यांचा सल्ला आहे.

त्याच जूनमध्ये पिंट्याला स्केटिंगपासून चालत आलेल्या साऱ्या वैभवातून काढून गल्लीतल्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी नव्या पोरांना गुलाबाचं फूल देऊन ट्रॅक्टरमधनं मिरवणूक काढली, ट्रॅक्टर अण्णांचाच होता. गुरुजींनी पिंट्याला वजाबाकीपासून सुरुवात करून दिली आणि अण्णांना शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. कायद्यानं या समितीत निदान तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करायचा, पैसा कुठं गेला ते बघायचं, पोरं रोज येतात का ते पाहायचं, अशी कामं तिच्याकडं असतात. थोरलीमुळं वहिनी आधीच समितीवर होत्या. दर सभेला येणाऱ्या, पोषण आहाराचे तांदूळ मुठीत घेऊन बघणाऱ्या, एवढीच त्यांची ख्याती. अण्णांनी मात्र जाताना डायरी नेली.

पहिल्या सभेत स्वच्छतागृहाच्या दाराच्या कडीवर अर्धा तास बोलणं झालं. कडी लोहाराकडून बसवून घ्यायची जबाबदारी वहिनींनी घेतली. मग ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि अण्णा उठून उभे राहिले. इतिवृत्तात गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे: “मा. सदस्यांनी अशी सूचना मांडली की, समिती सदस्यांची एक अभ्यास सहल काढून जवळपासच्या दहा-बारा शाळा पाहून याव्यात. त्यावर एका महिला सदस्याने, आधी घरच्या मुलाची वही पाहून यावी, अशी उपसूचना मांडली. सूचनेवर पुढील सभेत विचार करावा असे ठरले. उपसूचना बहुमताने मंजूर.”