राजीनाम्यानंतरचा ओलावा

नोकरी सोडून उद्योजक होण्याच्या प्रक्रियेत उद्योगाच्या आधी चरित्राला प्रारंभ होतो, ही बाब या विषयाच्या अभ्यासकांनी आजवर पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. हैदराबादच्या हायटेक सिटीतून आदिलाबादला परतलेल्या प्रस्तुत लेखकाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरावे; कारण ‘नोटीस पीरियड’, म्हणजे राजीनामा दिल्यानंतरही रोज कार्यालयात जाऊन आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही हे पाहण्याचा जो सवेतन कालखंड असतो, तो संपण्यापूर्वीच त्यांनी ‘संस्थापक’ असे पद छापलेली व्हिजिटिंग कार्डे करून घेतली होती, आणि संस्था कोणती हे ठरायचे असल्यामुळे त्या ठिकाणी मोकळी जागा सोडली होती.

चरित्राला पूर्वसुरी लागतो, आणि मराठी माणसापुरता तो ठरलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवू लागले, पुढे लोखंडी नांगराकडे वळले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा क्रम राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. मात्र ती नोकरी हक्काची बढती दुसऱ्याला मिळाल्यामुळे सुटली, हा तपशील सहसा वगळला जातो, कारण ‘ध्येयवेडा’च्या शेजारी ‘डावललेला’ शोभत नाही. प्रस्तुत लेखकाच्या राजीनाम्याचाही बढतीशी काही संबंध आहे काय, असे त्यांच्या मामांनी विचारले असता त्यांनी जागतिक बाजारपेठेच्या आकाराविषयी माहिती दिली.

योजिलेला उद्योग असा होता, की मोबाइलने कापसाचा फोटो घ्यावा आणि त्यावरून त्यातील ओलावा शेतकऱ्याला घरबसल्या कळावा. येथे ओलाव्याविषयी किंचित विस्ताराने लिहिणे भाग आहे. ज्यांना हा विस्तार नकोसा वाटेल, त्यांनी दिवाळीनंतर आदिलाबादेत कोणाच्या पंगतीला बसू नये. कापसाच्या वजनात पाण्याचा जो टक्का असतो त्याला ओलावा म्हणतात. केंद्र सरकारचे कापूस महामंडळ, जे येथे ‘सीसीआय’ याच नावाने ओळखले जाते, हमीभावाने म्हणजे सरकारने आधी जाहीर केलेल्या किमान दराने खरेदी करते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला हा दर क्विंटलमागे 8,110 रुपये होता. परंतु तो पूर्ण मिळतो तो 8 टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला. त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे भावातला एक टक्का कापला जातो, आणि 12 च्या वर काटा गेला की गाडी माघारी वळते. कुंटाळा धबधबा पाहायला येणारे पाहुणे ज्या थंडीचे तोंडभरून कौतुक करतात, त्याच थंडीतले दव पहाटे बोंडांवर उतरते, त्यामुळे सकाळी वेचलेला आणि दुपारी वेचलेला कापूस एकाच झाडाचा असूनही दोन भावांचा ठरतो. शिवाय वरचा धागा उन्हात लवकर वाळतो, सरकी मात्र आतून दमटच राहते. म्हणून जाणता शेतकरी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस आवळून सोडतो आणि त्यातली एक सरकी दाताखाली धरतो. ती कट्कन फुटली तर माल वाळला, नुसती चेपली तर अजून दोन उन्हे हवीत.

या परंपरागत प्रयोगशाळेसमोर प्रस्तुत लेखकाने आपले ॲप सादर केले, तेव्हा एका वयस्क शेतकऱ्याने स्क्रीनकडे बराच वेळ आदराने पाहून, “बाबू, फोटोत ऊन दिसते, ओल कशी दिसंल?” एवढेच विचारले. गुंतवणूकदारांसाठी केलेल्या सादरीकरणात या प्रश्नाचा उल्लेख ‘वापरकर्त्यांचा उत्साहवर्धक सहभाग’ असा झाला.

त्याच सुमारास एका समारंभात ‘जोखीम पत्करणारा तरुण’ म्हणून त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांच्या जोखमीखाली भविष्य निर्वाह निधीची गादी अंथरलेली होती. समोर सतरंजीवर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी मात्र जूनमध्ये उधारीवर बियाणे आणून कोरडवाहू काळ्या रानात टोकले होते, पावसाने ओढ दिल्यावर दुबार पेरणी केली होती, आणि विकायच्या दिवशी यंत्राची सुई काय म्हणेल यावर वर्षाचा हिशेब टांगला होता. त्यांना कोणी उद्योजक म्हटलेले ऐकिवात नाही. किर्लोस्करांच्या पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे सांगून वक्ते हशा मिळवतात. परंतु ज्याच्यापाशी एकच रान आहे, त्याने ते दुसऱ्याच्या प्रयोगासाठी का म्हणून द्यावे, याचे उत्तर कोणत्याही वक्त्याने दिलेले नाही. त्या दिवशीही वक्त्यांनी हा हशा मिळवला, आणि सतरंजीवरचे लोकही सौजन्याने हसले.

त्यानंतर महामंडळानेच नोंदणी आणि विक्रीची तारीख ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नेली. तेव्हापासून प्रस्तुत लेखकाच्या ओसरीवर संध्याकाळी सात-आठ माणसे आधार कार्डे व सातबाऱ्याच्या जागी तेलंगणात चालणारी पट्टादार पासबुके घेऊन बसलेली असतात, आणि संस्थापक महोदय ओटीपी विचारून त्यांच्या तारखा मिळवून देतात. मामांनी, याचे माणशी वीस रुपये घेतले तरी विजेचे बिल सुटेल, असे सुचवले आहे. तो प्रस्ताव विचारपूर्वक नाकारण्यात आला. कारण शुल्क घेतल्यास ते चौकातल्या ‘मी सेवा’ केंद्रासारखे, म्हणजे सरकारी दाखले काढून देणाऱ्या दुकानासारखे दिसेल आणि स्टार्टअप राहणार नाही.