मडगार्डवरचा विद्यार्थी

सेलू असो की समुद्रपूर, वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात तो सापडतो. वय पंधरा-सोळा, आणि सगळं शिक्षण काकाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून झालेलं. ह्या शाळेत मास्तर समोर बघतो, विद्यार्थी गिअरकडे. त्यामुळे ट्रॅक्टर सुरू कसा करायचा हे त्याला पाठ असतं, थांबवण्याचा धडा मात्र बुडालेला असतो. हॉर्न आणि स्पीकरवर तो पहिल्याच दिवशी प्रभुत्व मिळवतो आणि संध्याकाळी पानठेल्यावर जाहीर करतो, ‘‘मले येते ट्रॅक्टर.’’ माझं म्हणणं एवढंच, की हे प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये. पुढे तर इंजिनच नेतं, त्यात ह्याचं कर्तृत्व काय? परीक्षा घ्यायची तर रिकामी ट्रॉली मागे घ्यायला लावावी. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडे जातं. मग गडी आधी स्टिअरिंगवर चिडतो, नंतर ट्रॉलीवर आणि शेवटी शेजाऱ्याच्या कुंपणावर. दुसरा पेपर ब्रेकचा. उजव्या पायाशी दोन पेडल असतात, प्रत्येक मागच्या चाकाला एक. एकच दाबून धुऱ्यावर गर्रकन वळण्याची करामत तो तासाभरात उचलतो. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पेडल खटक्याने जोडायची असतात, नाहीतर वेगात एकच चाक अडून ट्रॅक्टर उलटू शकतो, हे सांगायला घरात कोणाला सवड नसते.

यावर म्हातारी मंडळी विचारतात, ‘‘आमी आठव्या वर्षी बंडी हाकलत होतो, काय झालं मंग?’’ काही झालं नाही, हे खरंच. पण बंडीला एकूण तीन डोकी असत आणि त्यातली दोन बैलांची. गवळाऊ जोडी नाला दिसला की पाय रोवून उभी राही, धनी झोपला तरी त्याला घरी आणून सोडी. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढणारा पोरगा मोठेपणी खऱ्या बैलाच्या शहाणपणावर निभावून जाई. ट्रॅक्टरवर डोकं एकच, सोळा वर्षांचं, आणि त्यातही गाणं वाजत असतं.

बापाचा मुद्दा जास्त वजनदार आहे : ‘‘आपल्याच वावरात तर चालवते.’’ मोटार वाहन कायद्याची अठरा वर्षांची अट सार्वजनिक जागेसाठी आहे, हे त्याने बरोबर हेरलं आहे. पण वावरापर्यंत ट्रॅक्टर उडत जात नाही. मध्ये पांदण आहे, गावची गल्ली आहे. तिथे पकडला तर 2019च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ट्रॅक्टरची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि चिरंजीवांना पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. शिवाय काळ्या मातीला कायदा कळत नाही. चाक फसलं आणि ह्याने जोर देऊन क्लच झटक्यात सोडला, की पुढची चाकं उचलतात आणि अख्खं धूड चालवणाऱ्यावर मागे येऊ शकतं.

राहिला मजुरांचा प्रश्न. सालदार मिळत नाही, सोयाबीन उभं आहे, पोरगा घरी आहे. ही अडचण मला मान्य आहे. म्हणून त्याला शिकवूच नका असं मी म्हणत नाही. फक्त ऐन हंगामात, भरल्या ट्रॉलीसकट शिकवू नका. उन्हाळ्यात वावर रिकामं असतं, तेव्हा काकांनी खाली उभं राहून, स्पीकर बंद करून शिकवावं. डांबरी रस्ता मात्र अठरा पुरे झाल्यावर आणि लायसन्स खिशात आल्यावरच.