रबर गेलं!

परवा काका चहाला आले. ‘बसा’ म्हणेपर्यंत ते ओट्याखाली वाकलेही होते. सिलिंडरची केशरी नळी चिमटीत दाबून निकाल दिला, “रबर गेलं!”

फियाटवाले काका तुमच्याही सोसायटीत असणारच. आमच्या काकांची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. गाडी वर्षाकाठी चारदा बाहेर पडते, बॉनेट मात्र रोज उघडतं. रेडिएटरचे होज दाबायची सवय इतकी मुरलीय की दिसेल ते रबर काका दाबतात. कुकरची रिंग, शेजाऱ्यांची बागेची नळी, सगळ्याला निकाल एकच. डॉक्टर ब्लडप्रेशर बघत होते तर काकांनी त्यांचा फुगाच दाबला. “रबर गेलं, म्हणून माझं जास्त दाखवतंय!”

बोरघाटात एक गाडी बंद पडलेली दिसली. काका धावले, बॉनेट उघडवलं, होज दाबले. तो बिचारा सांगत होता, टायर पंक्चर आहे. “मग? टायर कशाचं असतं?”

ऐकायला बसलात तर त्यांचं शास्त्र पक्कं आहे. इंजिन गार असताना क्लिपेजवळ दाबायचं. करकरलं तरी गेलं, लिबलिबीत लागलं तरी गेलं. खालचा होज तर महाबिलंदर. मऊ पडला की पंपाच्या ओढीने आत चिमतो, पाणी अडतं, गाडी तापते. थांबून बघावं तर पुन्हा टम्म, साळसूद! ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, त्या दिवशी काकांनी हाच होज बदलला. शोकसभा म्हणतात ती हीच.

(माझ्या गॅसच्या नळीवरची मुदत खरंच उलटली होती. मी ती गुपचूप बदलली. काकांना कळवायचं कारण नाही.)

गेल्या रविवारी वरच्या होजची पाळी होती. टॉर्च धरायला मी. जुना होज तोटीला घट्ट चिकटलेला. मी स्क्रू ड्रायव्हर घालणार, तोच हातावर फटका बसला. “पितळेची तोटी आहे, चिरेल!” ब्लेडने उभा काप देऊन त्यांनी तो सालीसारखा सोलला. बोटं काळी झाली, तोटीला ओरखडा नाही.

“ट्रंकेतला नवा आण. डावीकडचा.”

ट्रंकेत टाल्कम लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन होज होते. मी चुकून उजवीकडचा आणला. तो मुलासाठी घेऊन ठेवलेला, गाडी पुढे तोच चालवणार म्हणून. मुलगा पंधरा वर्षं न्यू जर्सीत आहे.

संगतीचा गुण, मी होज दाबला. करकरला.

काकांनीही ऐकलं. मी निकालाची वाट बघत उभा. त्यांनी तो हातातून घेतला, न दाबता त्यावर पुन्हा पावडर भुरभुरली आणि होता तसा कागदात गुंडाळला.

“डावीकडचा म्हटलं होतं ना? आणि टॉर्च नीट धर.”