पालिकेची निवडणूक लांबवावी कशी : होतकरूंसाठी सोपे धडे

भूमसारख्या तालुक्याच्या गावात बसून निवडणूक लांबवता येते का, असं नवशिके विचारतात. येते की! आमच्या नगरपरिषदेत २०१६ ला निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट २ डिसेंबर २०२५ ला. मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक, असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. घाबरू नका. कलमात कोणाचा हात धरायचा, ते नीट कळत नाही.

१. आधी कामं वाटून टाका. निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने घ्यायची. कायदा विधिमंडळाचा, नगराध्यक्षपदाची सोडत नगरविकास खात्याची, मतदारयादी दिल्लीच्या आयोगाची आणि माणसं जिल्हाधिकाऱ्यांची. स्वतंत्र आयोगाचा स्वतःचा शिपाईसुद्धा भूमला नाही. इथे आयोग म्हणजे प्रांत, तहसीलदार, मुख्याधिकारी आणि पेटी घेऊन निघालेले गुरुजी. सगळे उसने, सगळ्यांचे पगार आणि बदल्या सरकारच्या हातात. आयोगाच्या स्वातंत्र्याला मात्र कोणी हात लावायचा नाही.

२. प्रभागाची रेघ आपल्या हातात ठेवा. कोणती गल्ली कुठल्या प्रभागात, हे ठरलं की अर्धी निवडणूक झाली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने हा अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला, तोही एकमताने. एरवी चहालासुद्धा एकत्र न बसणारे सत्ताधारी आणि विरोधक इथे एका सुरात बोलले, हे टिपून ठेवा. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जुन्याच रचनेवर निवडणुका लावा म्हटलं. खचू नका. दोन महिन्यांत सरकार बदललं, ऑगस्टमध्ये सदस्यसंख्याही फिरवली गेली, की पुन्हा न्यायालयाचं ‘जैसे थे’. खवा आटवताना हात थांबला की बुडाला लागतो; तारखाही अशाच हलवत राहायच्या.

३. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ ला तीन कसोट्या घातल्या, त्यातली पहिली म्हणजे त्यासाठी वेगळा आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करणे. ही घाईने करू नये.

४. प्रशासक नेमा. हा सगळ्यात गोड धडा. ज्या गावात मुख्याधिकारीच प्रशासक झाले, तिथली फाईल एकदा डोळ्यांनी पाहा. खाली मुख्याधिकारी म्हणून ‘मंजुरीस्तव सविनय सादर’, वर प्रशासक म्हणून ‘मंजूर’. दोन्ही सह्या एकाच पेनाच्या, एकाच दुपारच्या. सत्तेचं विभाजन झालं, फक्त माणूस एक. नळाला पाणी का नाही, हे विचारायला नगरसेवकाचं दार नसल्याने लोकांचाही त्रास वाचतो.

५. आयुक्त सांभाळा. गोव्यात सरकारने कायदा सचिवांनाच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मोठी सोय! मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली. सरकारी नोकरीतला माणूस या खुर्चीत चालणार नाही म्हणाले. तुमचा आयुक्त फारच स्वतंत्र निघाला, तर आपल्याकडचा दाखला आहे. मार्च २००८ मध्ये विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगासाठी दोन दिवस तुरुंगात धाडलं. निवडणुकीत हस्तक्षेप नाही, फक्त मुक्काम हलवला. (हा धडा सराव झाल्याशिवाय करू नये.)

६. यादीत एकच नाव दोनदा आलं, कोणी ओरडलं, तर शांत राहा. राज्य आयोग म्हणतो, यादी विधानसभेची, आम्ही फक्त प्रभागवार फोडतो, वगळण्याचा अधिकार आमचा नाही. मग २०२५ ला काय केलं? संशयित दुबार नावांपुढे दोन तारे लावले. मतदाराला तारांकित दर्जा मिळाला, तक्रारदाराला उत्तर.

७. एवढं करूनही न्यायालय मागे लागतंच. ६ मे २०२५ ला त्याने चार महिन्यांची मुदत दिली. तुम्ही ताबडतोब होकार भरा आणि चौथ्या महिन्यात यंत्रं कमी, कर्मचारी कमी, सण जवळ असं लिहून द्या. ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून मिळते.

८. मतदान झालंच, तर निकाल उरतो. २ डिसेंबरला लोक रांगेत उभे असतानाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला: दुसऱ्या दिवशीची मोजणी रद्द, सगळ्यांचा निकाल २१ तारखेला. कारण काही ठिकाणचं मतदान आयोगाने २० वर ढकललं होतं. तोवर यंत्रं कुलपात. बाहेर थंडीत स्वेटर-मफलर घालून दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते पाळीपाळीने कुलपावर डोळा ठेवून बसलेले. त्यांच्या रात्रीच्या चहाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरायचा का, अशी लेखी विचारणा आयोगाकडे करून ठेवा. आयोग ती जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवील, जिल्हाधिकारी प्रांतांकडे, प्रांत मुख्याधिकाऱ्यांकडे. आणि मुख्याधिकारी तुम्हालाच विचारतील, चहा किती जणांचा होता?