चान्स किती आहे?

लातुरात दहावीला सत्त्याण्णव टक्के पडलेल्या पोराच्या घरी पेढे वाटतात, पण आवाज न करता. कारण मागच्या गल्लीत शंभराचं पोरगं असतं. यात माझी भर काही नाही. २०२४च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या १८७ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली १२३ लातूर विभागातली होती. (या विभागात नांदेड आणि धाराशिव हे जिल्हेही येतात. मी नांदेडचा, म्हणून सांगतो. लातूरकर सांगत नाहीत.) त्यात खेळाचे, चित्रकलेचे वाढीव गुण असतात, 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असतं, हे खरं. पण ते पुण्यामुंबईच्या पोरांनाही असतं, मग त्यांना का जमलं नाही, असं आमचे लातूरचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, विचारतात आणि तिथे मी गप्प बसतो.

अशा मुलखात कुणाचा नंबर कुठे लागेल हे सांगणं हा काही फावल्या वेळचा उद्योग नाही. ट्यूशन एरियातला चहावाला ग्लास विसळता विसळता पोराला विचारतो, "टेस्टला किती पडायलेत?" पोरगं आकडा सांगतं. "मग अंबाजोगाई पक्कं. नांदेडचा चान्स आहे, पण फिजिक्स वाढव." मेडिकलच्या प्रवेशाचा सत्तर-तीसचा फॉर्म्युला आमच्याकडे आज्यांनाही तोंडपाठ होता. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के उरलेल्या राज्याला. आणि मराठवाड्यात मुळात कॉलेजंच कमी, म्हणून आमची पोरं मागे राहायची. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला तेव्हा सासूबाईंनी आधी आनंद व्यक्त केला आणि मग आता कटऑफ कितीने हलेल ते सांगितलं.

घोटाळा केला तो त्याच दाजींच्या पोराने, आमच्या भाच्याने. नीटच्या वयात नीट दिली नाही, इंजिनिअरिंगला गेला. तेही ठीक होतं. नांदेडला विष्णुपुरीत गुरुगोविंदसिंगजीमधून मेकॅनिकल झाला, चाकणला नोकरीला लागला, लग्नाच्या बाजारात उभा राहिला. आणि एवढं जमून आल्यावर त्याने कॅट दिली. निकाल आला त्या रात्री दाजींचा फोन.

"पाव्हणं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार आलेत. लागतंय का अहमदाबाद?"

मी बँकेत आहे. त्यामुळे मॅनेजमेंट हे माझं खातं, असं घरी-सासरी दोन्हीकडे ठरलेलं आहे. मी म्हणलं, दाजी, हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. परीक्षेला तीन लाखांच्या आसपास पोरं बसतात. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार म्हणजे याच्या पुढे अजून पावणेपाच हजार आहेत. अहमदाबादच्या आयआयएमला जागा चारशेच्या आसपास.

दाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पावणेपाच हजारांचं दहावीला काय होतं?"

प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. अहमदाबादवाले खरोखरच दहावीपासूनचं सगळं उकरतात. दहावी, बारावी, पदवी, प्रत्येकाला वेगळे गुण. पण कसे? दहावीला ऐंशी ते नव्वदच्या मध्ये असाल तर आठ, नव्वदच्या वर गेलात की दहा. संपलं. हे ऐकल्यावर दाजींना जो धक्का बसला तो पर्सेंटाइलनेही बसला नव्हता. "म्हणजे नव्वद पॉइंट वीसवाला आणि आपला सत्त्याण्णव ऐंशी सारखाच?" सारखाच. "आणि शंभरवाला?" तोही. शेवटच्या त्या सात टक्क्यांसाठी पोराने दहावीच्या वर्षी गणपती पाहिला नव्हता, घरातला टीव्ही कपड्यांच्या कपाटात गेला होता आणि ताईने सुट्टीत माहेरी येणं बंद केलं होतं. त्यात बेंगळुरूची तऱ्हा निराळी. तिथे तुमचे बोर्डाचे गुण त्याच बोर्डातल्या वरच्या पोरांच्या गुणांशी ताडून बघतात. म्हणजे बोर्डाने सगळ्यांनाच सढळ हाताने वाटलं असेल तर तुमचं वजन आपोआप उतरतं. दाजी म्हणाले, "हे लातूरवर डोळा ठेवून केलंय."

वर भाचा पडला जनरल, इंजिनिअर आणि मुलगा. या धंद्यात अशा पोरांना 'जेम' म्हणतात आणि असे जेम देशात पोत्याने आहेत. पोरींना आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना थोडं झुकतं माप मिळतं, कारण वर्गात सगळेच मेकॅनिकलवाले बसवून चालत नाही. भाचा म्हणाला, "मामा, मी बीए मराठी केलं असतं तर?" हा प्रश्न लातुरात मोठ्याने विचारायचा नसतो.

मग ईडब्ल्यूएसचं आरक्षण निघालं. केंद्राच्या नियमात कुटुंबाची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असली की बाद. दाजींची सात एकर. "सातबाऱ्यावर सात आहे," दाजी म्हणाले, "पिकतंय अडीचच." पण पिकलेल्या एकरांचा दाखला तहसीलदार देत नाहीत.

फीचा विषय मी टाळत होतो. दाजींच्या डोक्यात रुपया तसाच्या तसा जात नाही, आधी त्याचे क्विंटल होतात. अहमदाबादची दोन वर्षांची फी तेव्हा पंचवीस लाखांच्या घरात होती. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. दाजींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर भागाकार मांडला: ४७० क्विंटल. एकरी आठ धरले तर साठ एकर. आपली सात. म्हणजे खत-बियाणं फुकट मिळालं, पाऊस वेळेवर आला, घरातल्या माणसांनी जेवण सोडलं आणि खरोखरच हमीभाव हातात पडला, तर साडेआठ हंगाम. यातली शेवटची अट वाचून ते स्वतःच हसले. मी बँकेचा माणूस या नात्याने सांगितलं की एवढ्या नावाजलेल्या संस्थेसाठी बँका विनातारण कर्ज देतात. दाजींचा चेहरा पडला. "तारण मागत नाहीत म्हणजे काहीतरी गडबड आहे."

पुढे अहमदाबाद गेलं, बेंगळुरू गेलं, कोलकाता गेलं. आलं ते नव्या आयआयएमचं एकत्रित बोलावणं: जम्मू, बोधगया अशी बरीच नावं. या एकत्रित प्रक्रियेला 'कॅप' म्हणतात. दाजींनी कॅप हा शब्द ऐकला आणि त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे कॅप राउंड म्हणजे घरचं मैदान! ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, पहिल्या राउंडला मिळालेली जागा धरून दुसऱ्याला वर कसं सरकायचं, शेवटी स्पॉट राउंडला कुठल्या कॉलेजच्या दारात सकाळी सातला जाऊन बसायचं, सगळी सगळी विद्या. ही ती कॅप नाही, इथे इंटरव्ह्यू असतो, हे सांगायला माझी अर्धी संध्याकाळ गेली. "इंटरव्ह्यू? मग तिथं आपलं कोण आहे?" ताईने यादी वाचली आणि तिची अपेक्षा तेवढी माफक निघाली. "बोधगया लागू दे. आण्णांचं गयेचं करायचं राहिलंय."

इंटरव्ह्यूची तयारी लातुरात एकाच पद्धतीने होते: सराव परीक्षा. एका रविवारी मला नांदेडहून बोलावून घेतलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लाल परीतून उतरलो तर दिवाणखान्यात पॅनल तयार. मधोमध शेजारचे निवृत्त हेडमास्तर सर, एका बाजूला दाजी, दुसरी खुर्ची माझी. हेडमास्तरांपुढे रकाने आखलेला कागद: आत्मविश्वास वीस, उच्चार दहा, टापटीप दहा. भाचा चुलतभावाच्या लग्नात घेतलेला ब्लेझर घालून आत आला. बाहीवर कंपनीची पट्टी तशीच शिवलेली होती. मी ती उसवायला ब्लेड मागितलं, तर दाजी म्हणाले, "राहू द्या, भारीतलं आहे हे कळू दे त्यांना."

"लातूर कशासाठी प्रसिद्ध आहे?"

"सर, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं..."

"खोडा ते," हेडमास्तर म्हणाले. "घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नाही. लातूर पॅटर्न म्हणायचं. पुढे. एमबीए का करायचं?"

भाच्याने इंग्रजीत काहीतरी सुरू केलं, त्यात व्हॅल्यू, लीडरशिप, ग्रोथ असं सगळं येऊन गेलं. हेडमास्तरांनी हात वर केला. "मराठीत सांग. खरं."

"चाकणला जे साहेब होतात ते सगळे एमबीए आहेत."

"हे बरोबर आहे. हे लिही आणि पाठ कर."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग हेडमास्तरांनी एक अवांतर प्रश्न टाकला: मराठवाड्यात आयआयएम का नाही? भाचा तयारीचा निघाला. नागपूरला २०१५ साली मिळालं, पवईच्या निटीचं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं, मराठवाड्याची मागणी तशीच राहिली. "उत्तम. मग समजा आलं, तर कुठं व्हायला पाहिजे?"

भाचा लातूरला जन्मलेला, नांदेडला शिकलेला. तो थांबला. दाजी थांबले नाहीत. "त्यात विचारायचं काय? लातूर. बोर्डाचं विभागीय मंडळ आहे, रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे." मी म्हणलं, दाजी, विद्यापीठ नांदेडला आहे, १९९४ पासून. विमानतळ आहे, रेल्वेचा विभाग आहे. हेडमास्तर म्हणाले, "त्या विद्यापीठाला पहिले कुलगुरू कुणी दिले? जनार्दन वाघमारे. शाहू कॉलेजचे प्राचार्य. आमचे." मी आयुक्तालय काढलं. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं, लातूरने आंदोलनं केली आणि ते अजून कुठेच झालेलं नाही. हे काढायला नको होतं असं ताईच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण दाजींची खुर्ची तोवर पुढे सरकली होती.

"भांडू नका," ताई पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाली, "मधे अहमदपूरला करा की."

"चालेल," दाजी लगेच म्हणाले.

"चालणारच तुम्हाला. अहमदपूर लातूर जिल्ह्यात आहे. करायचं तर लोह्याला करा."

"लोह्याला कामून?"

ब्लेझरमध्ये घामाघूम झालेला भाचा उभाच होता. "सर, माझे मार्क?"

"बैस जरा," हेडमास्तर कागद उलटा ठेवत म्हणाले. "आधी हे लोहा-अहमदपूर मिटू दे."