दांडीबहाद्दर वर्गात परत आणण्याची पद्धत (नवख्या वर्गशिक्षकांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. नववीची शेवटची तुकडी तुमच्या वाट्याला आली आहे. पटावर ५८, बाकांवर ४१. घाबरू नका, उरलेले १७ गावातच आहेत.

आधी नववीच का, हे समजून घ्या. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. आठवीपर्यंत पोरगं कायद्याच्या कडेवर होतं. नववीच्या उंबऱ्यावर त्याला खाली उतरवतात आणि म्हणतात, चाल आता. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवावं आणि मागचं भरून काढायला खास प्रशिक्षण द्यावं, असंही कायदा म्हणतो. त्यातलं बसवण्याचं काम आपण चोख केलेलं असतं. म्हणून तर तुमचा दांडीबहाद्दर फळ्यावरचं बीजगणित रांगोळीसारखं उतरवून घेतो.

पहिलं काम, पालकांना फोन. आईचा नंबर बंद असेल. वडिलांचा लागेल आणि पलीकडून भारदस्त आवाज येईल, "ताप आलाय त्याला, सर." हा आवाज दहावी नापास झालेल्या एका मित्राचा असतो. त्याचेही वर्गशिक्षक कधीकाळी असेच फोन करत असत.

मग शोध. एसटी स्टँड, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, गॅरेज, डीजेवाल्याचा टेम्पो. अपूर्णांक न जमणारा मुलगा तिथे १२ नंबरचा पाना न बघता उचलतो. हे पाहून चकित झाल्याचं दाखवू नका; पगार आपण घेतो.

तुम्ही बीडकडचे असाल आणि दिवाळी उलटली असेल, तर शोधायला गावात जाऊ नका. तो ऊसतोडीला फडात असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता, हा तिथला हिशोब. तुमच्या पटावरचा पोरगा मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता म्हणून लागलेला असतो, आणि त्या वहीत खाडे चालत नाहीत. शिक्षणाचं महत्त्व जरूर समजावून सांगा. फक्त त्याआधी, घेतलेली उचल कोण फेडणार, याचं उत्तर तयार ठेवा.

मुलगी असेल तर चौकशी लवकर आटोपते: धाकटा भाऊ घरी आहे, किंवा गाडी चुकली. त्यानंतर स्थळ आलं. यातली गाडी तेवढी तुमच्या हातातली आहे. आगारात अर्ज द्या.

आता सगळ्यांत नाजूक टप्पा. एखाद्या सोमवारी तो स्वतःहून दारात उभा राहील. शर्ट इस्त्रीचा, हातात एकच वही. अशा वेळी म्हणायचं वाक्य आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे: "या राजे! आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?" वर्ग खो खो हसतो. वाक्याला जेमतेम तीन सेकंद लागतात. त्याला त्या दारापर्यंत यायला तीन महिने लागलेले असतात. मी हे वाक्य नोकरीत किती वेळा म्हणालो, ते मोजलं नाही. मंगळवारी कोण आलं नाही, ते मात्र आठवतं.

ते वाक्य गिळता आलं, तर मुख्याध्यापकांकडे आणखी एक तयार असतं: "त्याला १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगा." दहावी बाहेरून देण्याची ती सोय खरोखर अनेकांचं वर्ष वाचवते. पण गेटवरच्या शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सला ती जास्त उपयोगी पडते.

तुम्ही एवढंच करा. हजेरी घेताना त्याचं नाव इतरांसारखंच घ्या, मान वर न करता. मधल्या सुट्टीत स्टाफरूमचा बिघडलेला पंखा त्याला दाखवा. अपूर्णांक बुधवारी काढा.

बुधवारी आला नाही, तर पुन्हा गॅरेजवर जा. या खेपेला मालकाला चहा पाजा. तुमच्या हजेरीपत्रकापेक्षा त्याच्याकडची नोंद बिनचूक असते.