श्वानाच्या पायात गोळा आल्यास कुटुंबाने काय करावे

कुत्र्याचा पाय अचानक आखडला की घरात सर्वप्रथम आरडाओरडा करावा. हे काम एकेकट्याने न करता सामुदायिकरीत्या करावे. आजीने देवाचे नाव घ्यावे, मुलांनी सोफ्यावर चढून सूचना द्याव्यात, काकांनी "याला काल फिरायला कोणी नेलं होतं?" या प्रश्नापासून चौकशी समिती सुरू करावी. शेजारच्या काकू तोवर आलेल्या असतीलच. त्यांच्या माहेरच्या कुत्र्याला नेमके हेच झालेले असते.

वेळ उरल्यास कुत्र्याकडे पाहावे.

पाहण्याचेही शास्त्र आहे. पाय पुढचा की मागचा? हाक मारल्यावर कुत्रा मान वळवतो का? हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या? हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. पाय हाताला इतर पायांइतकाच उबदार लागतो का? मागचे पाय थंडगार पडले असतील, कुत्र्याला उभेच राहता येत नसेल, शुद्ध हरपली असेल किंवा झटका पाच मिनिटे उलटूनही थांबत नसेल, तर हे मार्गदर्शन इथेच मिटून गाडी काढावी. पुढचा मजकूर दवाखान्याच्या बाकावर वाचता येईल.

मागचा पाय उचलून तीन-चार उड्या, मग पाय मागे ताणून एक झटका, आणि लगेच काही घडलेच नाही अशा थाटात चाल: हा प्रकार बहुतेकदा गोळ्याचा नसतोच. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी खोबणीतून आतल्या बाजूला सरकते आणि पुन्हा जागेवर बसते. डॉक्टर या दुखण्याच्या चार श्रेणी मानतात. वरच्या श्रेणींत शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येऊ शकते. खालच्या श्रेणीत वजन आटोक्यात ठेवणे आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरणे, एवढ्यानेही बरेच साधते. वजनाचा मुद्दा निघाल्यावर बिस्किटे कोण देतो यावर घरात एकमत होत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

खरा गोळा येण्यासाठी पूर्वतयारी लागते. सोमवार ते शनिवार लॅब्राडॉरला पंख्याखाली झोपू द्यावे आणि रविवारी एकदम सिंहगडावर न्यावे. स्नायू दगडासारखा टणक झाला की धावणे थांबवावे, पाणी पाजावे, कोमट टॉवेलने शेकावे, आणि त्याची हरकत नसेल तर हलक्या हाताने चोळावे. हरकत असेल तर तो स्पष्ट सांगतो. दुखत असताना घरातला सर्वांत प्रेमळ कुत्राही चावतो. त्या वेळी त्याचे कोण जास्त लाड करते याची परीक्षा घेऊ नये. दर फेरफटक्याला असेच होऊन मागचे पाय लुळे पडू लागले, तर मात्र दोष सिंहगडाला देऊ नये. लॅब्राडॉरमध्ये श्रमानंतर कोसळण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो आणि त्यामागचा जनुकीय बदल 2008 मध्ये सापडला आहे.

आता औषधांचा खण. मराठी घरात तो उघडल्याशिवाय आजाराला मान्यता मिळत नाही. त्यातून बाम काढावा, आणि परत ठेवून द्यावा. कुत्रा अंगाला लावलेले सगळे चाटतो. बामातला कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते, आणि मिथाइल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनचे सख्खे भावंड. आजोबांच्या गुडघ्यावरची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अर्धी करून द्यावी, हा विचार मनात येताच खण बंद करावा. या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आईची कॅल्शियमची गोळीही आईलाच ठेवावी. पिल्लांना पाजणाऱ्या लहान जातीच्या कुत्रीचे रक्तातले कॅल्शियम घसरून पाय ताठरतात, अंग थरथरते, ताप चढतो, ही खरी आणीबाणी. पण ती गाभण असताना प्रेमापोटी कॅल्शियम चारत राहिल्यास धोका उलट वाढतो, कारण शरीर हाडांतून कॅल्शियम काढण्याची सवय सोडून देते.

यानंतर दवाखाना. तिथल्या टेबलावर कुत्रा ठणठणीत असतो, शेपटीही हलवतो, आणि कुटुंब खोटे ठरते. म्हणून झटक्याच्या वेळी मोबाइलवर चित्रण करावे. फोन आडवा धरावा, पूर्ण कुत्रा चौकटीत यावा, चेहरा दिसावा. प्रचलित चित्रणात सत्तर टक्के पंखा, वीस टक्के काकांचा लेंगा आणि उरलेल्या भागात शेपूट असते; त्यावरून निदान करणे अवघड जाते.

चित्रणाचा आग्रह उगाच नाही. स्कॉटिश टेरियर जातीत 1942 पासून नोंदला गेलेला एक आनुवंशिक आजार आहे, 'स्कॉटी क्रॅम्प'. कुत्रा आनंदाने धावू लागतो, पाठीला कमान येते, मागचे पाय संचलनातल्यासारखे उंच पडू लागतात, कधी तो कोलांटीही खातो. शुद्ध कायम असते आणि काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. स्नायू निर्दोष असतात. गडबड मज्जासंस्थेतल्या सेरोटोनिनची. अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी झटके वाढतात, म्हणजे खणाचा मुद्दा पुन्हा येतो. अशाच आणखी एका आजारात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचे अंग ताठ होऊन तो कोसळतो; त्या आजाराचे जनुकीय कारण 2012 मध्ये कळले. ही दृश्ये आकडीसारखी दिसतात, उपचार मात्र वेगळे.

बॉर्डर टेरियरची गोष्ट तर थेट स्वयंपाकघरात पोचते. स्पाइक नावाच्या एका डच कुत्र्यामुळे 'स्पाइक्स डिसीज' म्हणून ओळखल्या गेलेल्या या आजारात पाय आखडतात आणि कुत्रा झोकांड्या खातो. ग्लुटेनविरहित आहाराने अशा कुत्र्यांचे झटके आटोक्यात येतात, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात दिसले. बॉर्डर टेरियर आपल्याकडे क्वचितच. तरी डॉक्टरांनी तपासून हाच आहार सांगितला, तर दूध-पोळी बंद करून ज्वारीची भाकरी किंवा भात सुरू करता येईल. पथ्य पाळण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. ती व्यक्ती आजी नसावी; आजीची जागा जेवताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कुत्र्यापासून हातभर लांब आखून द्यावी, आणि तिच्या पदराखाली पोळीचा तुकडा आहे का हे रोज रात्री नम्रपणे तपासावे.